दुसरे इंजिन किती कामाचे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझा नातू वैमानिक होण्याचे शिक्षण घेत आहे. एका इंजिनाच्या विमानावरचे तास पुरे करून तो आता दोन इंजिनांच्या लहान विमानावर शिकणार आहे. ‘आजी, आता काळजी सोड, एक बंद पडले तरी दुसरे असतेच,’ असे तो मला समजावतो. पण 30 सप्टेंबर 2001 चा तो रविवार अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. महाराज, म्हणजे माधवराव शिंदे, ज्या विमानाच्या अपघातात गेले, त्यालाही दोन इंजिने होतीच ना? मग दुसऱ्या इंजिनाचा नेमका उपयोग काय?
– एक आजी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आजी, विमान पुरेशा उंचीवर असते तेव्हा आपल्या नातवाचे म्हणणे बरोबर आहे. धावपट्टी सोडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात मात्र ते खरे ठरेलच असे नाही, आणि हे वाक्य मनात घट्ट धरून तो विमानात बसणार असेल, तर मला त्याची खरोखर काळजी वाटते. बरीच वर्षे मी अशाच विमानांवर विद्यार्थ्यांना शिकवले आहे. ‘दुसरे आहे’ हा भरवसा त्यांच्या मनातून काढणे, हेच माझे सर्वांत अवघड काम असे.

आधी हिशेब पाहू. दोन्ही इंजिनांची मिळून शक्ती शंभर भाग धरा. विमान नुसते समपातळीवर उडत ठेवायला त्यातले चाळीस भाग लागतात असे समजा. उरलेल्या साठ भागांवर विमान वर चढते. आता एक इंजिन गेले की हाती पन्नास भाग राहतात. त्यातच बंद पडलेल्या बाजूचा पंखा वाऱ्याने फिरत राहून विमानाला मागे ओढतो आणि विमान किंचित तिरके होऊन हवा कापू लागते, त्यामुळे चाळीसऐवजी पंचेचाळीस भाग लागतात. चढण्यासाठी उरले पाच. शक्ती निम्मी झाली, पण चढण्याची क्षमता साठावरून पाचावर आली. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तरी प्रत्यक्षातही लहान विमानांची चढण्याची क्षमता अशा वेळी ऐंशी ते नव्वद टक्क्यांनी घटते. अमेरिकेच्या जुन्या नियमांनुसार तर 6,000 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 2,720 किलोपर्यंतच्या आणि कमी वेगाने उतरू शकणाऱ्या दोन इंजिनी विमानाने एका इंजिनावर वर चढून दाखवावे, अशी अटच नव्हती. जगभरच्या शाळांमध्ये शिकवण्यासाठी वापरली गेलेली कितीतरी विमाने याच गटातली आहेत.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. ग्वाल्हेरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे फुटांवर आहे. पण मे महिन्यातल्या दुपारी पारा 45 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने तो विमानतळ 4,300 फुटांहून उंच जागी असल्यासारखा होतो. विरळ हवेत साध्या इंजिनाची शक्ती कमी होते, पंखा हवेला कमी पकडतो, पंखही कमी उचलतात. वर हिशेबात उरलेले पाच भाग अशा दुपारी शून्यावर येऊ शकतात, किंवा शून्याच्याही खाली जाऊ शकतात. म्हणजे दुसरे इंजिन पूर्ण जोराने चालू असूनही विमान हळूहळू खालीच येत राहते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे उडावे आणि वजन कमी ठेवावे, हा जुन्या शिक्षकांचा आग्रह अगदी रास्त आहे.

पण खरा धोका याच्याही पुढचा आहे. जोडीतला एक बैल अचानक बसला की दुसऱ्याच्या ओढीने गाडी आडवी होते, हे आपण पाहिले असेल. इंजिने दोन पंखांवर असल्याने विमानाचेही तसेच होते. डावे गेले की उजवे इंजिन विमानाचे नाक डावीकडे ढकलते, आणि ते सरळ ठेवण्यासाठी वैमानिकाला उजव्या पायाने रडरचे, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचे, पेडल दाबून धरावे लागते. रडर वाऱ्याच्या जोरावर काम करतो. वेग एका मर्यादेखाली गेला, तर पेडल तळाशी टेकले तरी रडरमध्ये विमान आवरण्याइतका जोर उरत नाही. मग विमान मृत इंजिनाच्या बाजूला वळते, त्या बाजूचा पंख खाली जातो आणि काही क्षणांत विमान पाठीवर येते. ही मर्यादा वेगमापकावर लाल रेषेने दाखवलेली असते. तिच्या वर एक निळी रेषा असते. एका इंजिनावर जी काही चढाई शक्य असेल ती सर्वांत चांगली याच वेगाला मिळते. जमीन जवळ येऊ लागली की माणसाचा हात आपोआप नाक वर ओढतो, नाक वर गेले की वेग निळ्या रेषेखाली उतरतो आणि लाल रेषेकडे सरकतो. अशा वेळी नाक खाली ठेवणे हे मनाविरुद्धचे काम आहे, आणि ते सरावाशिवाय होत नाही.

कोणते इंजिन गेले हे ओळखायला विद्यार्थ्यांना ‘डेड फूट, डेड इंजिन’ असे घोकायला लावतात. ज्या पायावर जोर लागत नाही, त्याच बाजूचे इंजिन मेलेले. वाचायला सोपे आहे. 30 जून 2019 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या ॲडिसन येथे किंग एअर 350 जातीच्या विमानाच्या डाव्या इंजिनाचा जोर उड्डाण घेताच कमी झाला. उजवे पेडल दाबायला हवे होते, पण आधी क्षणभर डावे दाबले गेले, असे चौकशीत आढळले. विमान उलटून एका इमारतीवर कोसळले आणि आतले दहाही जण दगावले. त्या विमानाचे उजवे इंजिन चालू होते. चालू इंजिनानेच विमान उलथवले, असे म्हणावे लागते.

म्हणूनच जमिनीलगत मुद्दाम इंजिन बंद करून सराव घेण्याच्या मी विरोधात आहे. अशा सरावातच काही अपघात झाले आहेत. तो भाग सिम्युलेटरमध्ये, आणि प्रत्यक्ष विमानात करायचाच असेल तर भरपूर उंचीवर व्हावा.

आता 2001 च्या त्या दिवसाबद्दल. माधवराव शिंदे यांचे विमान किंग एअर सी-90 जातीचे होते. दिल्लीहून कानपूरच्या सभेला जाताना ते उत्तर प्रदेशात मैनपुरी जिल्ह्यात खराब हवामानात कोसळले आणि आठही जण गेले. त्यांत पत्रकारही होते. हेच माधवराव नागरी विमान वाहतूक मंत्री असताना, जानेवारी 1993 मध्ये दिल्लीला दाट धुक्यात भाड्याचे एक टुपोलेव विमान उतरताना मोडले. त्यात कोणाचा जीव गेला नव्हता, तरी त्यांनी पद सोडले. विमानाच्या सुरक्षिततेची जबाबदारी इतक्या गांभीर्याने घेणारा माणूस हवामानात सापडून गेला, याची हळहळ मलाही आहे. गडगडाटी ढगात हवेचे प्रवाह एकाच वेळी वर आणि खाली जोराने वाहतात, आणि त्यांच्यापुढे इंजिने एक की दोन हा प्रश्न गौण ठरतो. शिवाय ढगात क्षितिज दिसेनासे झाले की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसते. विमान कलते आहे आणि आपण मात्र सरळ बसलो आहोत असे वाटत राहते. तेव्हा नजर उपकरणांवरच हवी. त्याआधी, निघायचे की थांबायचे हा निर्णय हवा. कार्यक्रमाची वेळ ठरलेली आहे आणि लोक वाट पाहत आहेत, याचे दडपण लहान विमानांच्या वैमानिकावर मोठ्या विमान कंपनीतल्या वैमानिकापेक्षा कितीतरी जास्त असते.

इंधनाचेही असेच आहे. दोन्ही इंजिने एकाच गाडीतून भरलेले इंधन पितात, त्यामुळे ते चुकीचे किंवा अपुरे असेल तर दोन्ही एकदम बंद पडू शकतात. पिस्टन इंजिनाचे ॲव्हगॅस हे इंधन निळसर असते. पूर्वी ते परदेशातून आणावे लागे, आता 2022 पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार होते. जेट इंधन फिकट, गवताच्या रंगाचे असते आणि पिस्टन इंजिनात गेले तर इंजिनाचा घात करते. दोन्ही मिसळले की रंग फसवा होतो. म्हणून पहाटे प्रत्येक टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून ती उजेडाकडे धरायची. तळाशी पाणी असेल तर त्याचा गोल थेंब वेगळा दिसतो. मग एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकायचा. ॲव्हगॅस उडून जाते, जेट इंधन तेलकट डाग ठेवते. माझ्या एका विद्यार्थ्याने घाईत नळी न पाहताच इंधन ओतून दिले होते, म्हणून त्या दिवशी त्याचे उड्डाण मी रद्द केले. तो रडवेला झाला, पण आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

आजी, नातू सुट्टीत घरी आला की त्याला एवढेच विचारा, ‘धावपट्टीवर असताना इंजिन गेले तर काय करशील? चाके जमिनीवरून उचलली आहेत, पण समोर पट्टी उरली आहे, तेव्हा काय करशील? आणि पट्टी संपल्यावर गेले तर?’ पहिल्या दोन्ही वेळी त्याने दोन्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर ठरवणारे दांडे, बंद करून समोरच थांबले किंवा उतरले पाहिजे. तिसऱ्या वेळी नाक खाली, निळी रेषा, चाके आत, मृत पंखा फेदर (म्हणजे त्याच्या पात्यांची कड वाऱ्याकडे वळवणे), आणि विमान तरीही चढत नसेल तर समोरच्या मोकळ्या जागेत सरळ उतरणे. ही उत्तरे त्याने न अडखळता द्यायला हवीत, कारण विमानात विचार करायला वेळ मिळणार नाही.

प्रश्न : करोनाच्या काळात आपल्या महाराजपुऱ्याच्या विमानतळावर राज्य सरकारच्या विमानाला अपघात झाला होता. त्याचे इंजिन बिघडले होते का?
– एक वाचक, दौलतगंज, ग्वाल्हेर

उत्तर : नाही. 6 मे 2021 रोजी रेमडेसिव्हिरची खोकी घेऊन आलेले ते किंग एअर विमान उतरताना धावपट्टीच्या टोकाशी उभ्या असलेल्या अरेस्टर बॅरियरला धडकले. महाराजपुरा मूळचा हवाई दलाचा तळ आहे. थांबू न शकलेल्या लढाऊ विमानाला अडवण्यासाठी तिथे हे जाळे उभारता येते. विमानातले तिघेही बचावले. विमान मात्र नादुरुस्त झाले. लष्करी तळावर उतरणाऱ्या नागरी वैमानिकाला जाळे उभे आहे की खाली, हे शब्दांत स्पष्ट कळले पाहिजे, आणि कळले नसेल तर त्याने ते विचारले पाहिजे.

इंजिने ठणठणीत असतानाही असे घडते. 21 फेब्रुवारी 2017 रोजी मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावरून उडालेले किंग एअर काही क्षणांत शेजारच्या बाजारसंकुलावर पडले आणि आतले पाचही जण गेले. रडर ट्रिमचे, म्हणजे रडर एका बाजूला वळवून ठेवणारे, चाक पूर्ण डावीकडे फिरलेले राहिले होते, असे चौकशीतून निघाले. ते मधोमध आहे ना, हे पाहणे उड्डाणाआधीच्या तपासणीचाच भाग असतो.

प्रश्न : अशा विमानाच्या खिडकीतून एक पंखा थांबलेला दिसला, तर विमान पडणार असे समजावे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. थांबलेला पंखा हे बहुतेक वेळा चांगले लक्षण आहे. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला तर विमानाला मागे ओढतो, म्हणून वैमानिक त्याच्या पात्यांची कड वाऱ्याकडे वळवतो. पाती स्थिर आणि कडेने दिसत असतील, तर वैमानिकाने वेळेवर आपले काम केले आहे आणि आता तो जवळचा विमानतळ गाठत आहे, असे समजावे. पट्टा बांधून शांत बसावे आणि त्याच्याशी बोलू नये.