डार्सीने पत्राऐवजी मेसेज टाकला असता तर?

तुझं पत्र मिळालं, आणि खरं सांगू, वाचताना हसू आलं, कारण चार पानांत करिअरबद्दल जेमतेम चार ओळी आणि बाकी सगळा कुठल्या मॉडर्न व्हर्जनने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या नायकाची, डार्सीची, कशी वाट लावली याचा राग! इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी बारावीत आहे, जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सात वेळा वाचलीय, तिचे आणि इतर क्लासिक कादंबऱ्यांचे हाताला लागतील तेवढे नवे अवतार वाचलेत-बघितलेत, आणि एका वहीत ‘मूळ’ आणि ‘नवीन’ असे दोन कॉलम करून काय काय बदललं ते लिहून ठेवते. आई म्हणते एकच गोष्ट किती वेळा वाचणार, बाबा विचारतात यात करिअर काय, आणि हिचा प्रश्न असा की साहित्य घेऊ का नको.

आईचं आधी घेऊ. सातव्यांदा वाचणं हा टाइमपास असू शकतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, मीही करते. (ऑस्टिनचीच ‘एमा’ मात्र मी तीनदा अर्धवट सोडलीय, हे तुला आवडणार नाही.) पण ती वही टाइमपास नाही. फक्त त्यात एक कॉलम कमी आहे.

तूच पाठवलेली एक नोंद घे. ‘द लिझी बेनेट डायरीज’, २०१२ची ती युट्यूबवरची सिरीज, शंभर एपिसोडची. तू लिहिलंयस, “कॉलिन्सचं लग्नाचं प्रपोजल – इथे जॉबची ऑफर केलीय.” आणि पुढच्या ओळीवर गेलीस. अगं, थांब ना तिथे! १८१३च्या कादंबरीत नायिका एलिझाबेथने, म्हणजे लिझीने, नात्यातल्या कॉलिन्सला नाही म्हणणं एवढं मोठं का आहे, तर इस्टेट फक्त पुरुष वारसाकडे जाणार अशी अट आहे, बाप गेला की घर कॉलिन्सचं, पाच मुली आणि आई रस्त्यावर, आणि त्या वर्गातल्या बाईला पोट भरायला लग्नाशिवाय जवळजवळ काही मार्गच नाही. म्हणजे लिझीची मैत्रीण शार्लट त्याला हो म्हणते तेव्हा ती नवरा नाही, नोकरीच निवडत असते. सिरीजवाल्यांना हे दिसलं, म्हणून त्यांनी लग्न काढून खरंच नोकरी ठेवली, लिझीने नाकारली आणि शार्लटने घेतली, आणि आजच्या मुलीला दोघींचं म्हणणं लगेच कळलं. लिझीच्या धाकट्या बहिणीचं, लिडियाचं, पळून जाणंही तसंच, आज नुसतं पळून गेल्याने घरच्या सगळ्या बहिणींची लग्नं अडणं तुला पटलं नसतं, म्हणून तिथे खाजगी व्हिडिओ नेटवर टाकायची धमकी आली. वरचं सगळं बदललं, पण अब्रू जाण्याची भीती तेवढीच राहिली.

हा तुझा तिसरा कॉलम: का बदललं. आणि चौथाही एक आहे: मी काय केलं असतं. माझ्या मते तुझ्या करिअरचं उत्तर या दोन कॉलमांत आहे, कुठल्या स्ट्रीमला जायचं ते नंतर बघू.

तिसरा भरताना मजा आली, तासन्‌तास गेले तरी कळलं नाही, तर तू संपादन, स्क्रिप्ट वाचून त्यावर रिपोर्ट देणं, शिकवणं, संशोधन या बाजूची आहेस. प्रॉडक्शन हाऊस कादंबऱ्या मागवतात तेव्हा कुणीतरी त्या वाचून सांगावं लागतं की यात सिनेमा आहे का, कुठे अडेल, कुठलं पात्र गाळता येईल. हे काम बऱ्याचदा फ्रीलान्स असतं, सुरुवातीला पैसे कमी आणि नाव कुठेच नाही, हे आत्ताच सांगून ठेवते म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. रूपांतर हा अभ्यासाचा विषयही आहे, लिंडा हचन यांचं ‘अ थिअरी ऑफ अ‍ॅडॅप्टेशन’ (२००६) लायब्ररीत मिळालं तर चाळ, जड आहे, सगळं कळलं नाही तरी चालेल.

चौथा भरताना हात थांबेना असं झालं तर मग लेखन. पटकथा, नाटक, गेमची गोष्ट, अनुवादसुद्धा. पण इथे फॅनची एक सवय आड येते, आणि तुझ्या पत्रात ती ठासून भरलीय. फॅनला मूळ तसंच्या तसं हवं असतं. जीन ऱ्हीसने तसं ठेवलं असतं तर ‘वाइड सार्गासो सी’ (१९६६) झालीच नसती, तिने ‘जेन एअर’मधल्या माळ्यावर कोंडलेल्या बाईला बोलतं केलं आणि तिचा नवरा रॉचेस्टर कायमचा थोडा वाईट दिसायला लागला. बार्बरा किंगसॉल्व्हरने ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ उचलून अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियात नेली, पेनकिलरच्या व्यसनाने पोखरलेल्या भागात, आणि त्यातून झालेल्या ‘डीमन कॉपरहेड’ला २०२३चं पुलित्झर मिळालं. दोघींचं मूळ पुस्तकावर प्रेम नव्हतं असं नाही, पण दोघींना त्याच्याशी भांडायचंही होतं. तुझं ‘प्राइड’शी कधी भांडण झालंय का? सात वाचनांत एकदाही नाही? मला तिथे थोडी शंका आहे.

बाबांसाठी एक वेगळी वाट, जी मुलांना सुचतच नाही: हक्कांचं काम. प्रकाशकांकडे सिनेमाचे, ऑडिओचे, अनुवादाचे हक्क विकणारी माणसं असतात, कॉपीराइटचे वकील असतात. भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, बऱ्याच देशांत ७०, आणि अमेरिकेत जुन्या पुस्तकांचा हिशोब प्रसिद्ध झाल्यापासून ९५ वर्षं. १९२५ची ‘द ग्रेट गॅट्सबी’ तिथे १ जानेवारी २०२१ला हक्कांतून मोकळी झाली आणि त्याच महिन्यात मायकेल फॅरिस स्मिथची ‘निक’ बाजारात आली, गॅट्सबीची गोष्ट सांगणाऱ्या निकचं आधीचं आयुष्य. हक्क संपायची वाट बघावी लागली होती त्याला. ऑस्टिनवर एवढे अवतार येतात त्यात तिची थोरवी आहेच, पण परवानगी मागायला कुणी नाही हेही आहे बरं का. साहित्याची आवड आणि कायद्याची डिग्री असं कॉम्बिनेशन दुर्मीळ असतं, बाबांना हे जरूर वाचून दाखव.

साहित्य घेऊ का? घे, पण एकटं नको. नुसत्या बीएच्या कागदावर कुणी बोलावत नाही, सोबत काहीतरी करून दाखवता येणारं हवं: पटकथालेखन, एखादी दुसरी भाषा नीट, नाहीतर पुढे कायदा. कुठलं ते आत्ता ठरवू नकोस.

आत्ता एवढंच कर. डार्सीचं ते लांबलचक पत्र घे, एलिझाबेथने त्याला लग्नाला नकार दिल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्या हातात ठेवतो ते. आजच्या काळात आण. मेसेज केलास तर ती अर्ध्यातच रिप्लाय करेल, किंवा ब्लॉक करेल, आणि मग पूर्ण सीनच मेला, कारण ती एकटी फिरत ते परत परत वाचते आणि हळूहळू तिचं तिलाच कळतं की आपण चुकलो, उत्तर द्यायला समोर कुणी नाही म्हणूनच ते घडतं. तर आज तिला असं एकटं कसं पाडशील? दोन पानं लिही, जास्त नको, आणि वहीच्या त्याच पानाचा फोटो पाठव, तिसरा कॉलम भरून.