चुका काढून पोट भरतं का?

प्रश्न : मुलगी साताऱ्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआय कुठे आणि का चुकतं, यातच काम करायचं म्हणते. घरचे विचारतात, चुका काढून पोट भरतं का? – एक आई, पाटण

उत्तर : ताई, तुम्ही पाटणच्या, म्हणून आधी कोयनेचंच बोलते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला आणि धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले. ते नुसते बुजवून विषय मिटवला नाही. तडे नेमके तिथेच का गेले हे अभियंत्यांनी शोधलं, धरण मजबूत केलं. 1970 मध्ये देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशाही बदलला. आजही परदेशातले अभियंते आपली गणितं कोयनेच्या तड्यांवर ताडून पाहतात. तुमची लेक हेच काम मागते आहे, फक्त काँक्रीटच्या जागी सॉफ्टवेअर.

मार्च 2018 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात उबरच्या स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. ती गेली. चौकशीत कळलं, गाडीला ती साडेपाच सेकंद आधीच दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू ठरवत राहिली, आणि दर वेळी आधीच्या हालचालीची नोंद पुसली जायची. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल, हे यंत्रणेत धरलंच नव्हतं. गाडीत बसलेल्या चालकाची नजर मोबाइलवर होती, आणि कंपनीची सुरक्षाव्यवस्थाही तोकडी होती. एवढं खोदून काढलं म्हणून पुढच्यांना सावध होता आलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आता पोटाचं. ‘एआय सुरक्षा’ अशी पाटी लावलेल्या नोकऱ्या आपल्याकडे अजून थोड्या आहेत, हे खरं. सुरुवात सॉफ्टवेअर टेस्टिंग, डेटा तपासणी किंवा बँकांच्या जोखीम विभागातून होते. त्यासाठी संख्याशास्त्र पक्कं हवं, कोडिंग स्वतःच्या हाताने यायला हवं, आणि 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एकदा शांतपणे वाचलेला हवा. पदवी मात्र अर्धवट सोडू देऊ नका.

या सुट्टीत तिला एक काम सांगा. मोबाइलच्या बोलून टाइप करायच्या सोयीला आजीची पाटणी बोली ऐकवायची. शंभर वाक्यं. आजी काय म्हणाली, मोबाइलने काय लिहिलं, का चुकलं असावं, हे वहीत उतरवायचं. मग ती वही घेऊन मला भेटायला पाठवा.