1971 च्या युद्धकैदी फौजीचा सोसायटीत सत्कार कसा करावा?

घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत 1971 च्या लढाईत पाकिस्तानच्या कैदेत राहिलेले एक निवृत्त फौजी आहेत आणि 26 जानेवारीला त्यांचा सत्कार करायचाय, असं तुम्ही लिहिलंय. जरूर करा, पण जमलं तर 1 डिसेंबरला करा. 1972 साली त्याच दिवशी आपले सहाशेहून अधिक युद्धकैदी वाघा सीमेवरून परत आले. लढाई 17 डिसेंबर 1971 ला थांबली होती, म्हणजे त्यानंतरही जवळजवळ वर्षभर ही माणसं तिकडे अडकून होती. ढाक्यात शरण आलेले 93 हजार पाकिस्तानी सगळ्यांना पाठ असतात, आपले सहाशे मात्र कुणाच्या गावीही नसतात.

आधी काकांना विचारा. एकट्याने जाऊन विचारा, अख्खी कमिटी घेऊन नको. पकडले गेलो याचा कमीपणा त्या पिढीतल्या काहींच्या मनात अजून आहे. ते नको म्हणाले तर विषय सोडून द्या.

होकार आला तर निवेदकाला आधीच आवरा. आमचे मामा त्याच लढाईत पकडले गेले होते. ठाण्यातल्याच एका कार्यक्रमात त्यांना माइकवर विचारलं, "तिकडे किती हाल केले हो तुमचे?" मामा म्हणाले, "डाळ पातळ असायची," आणि खाली बसले. लोकांना थरार हवा असतो. तसा थरार घडलाही आहे: फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर आणि त्यांचे दोन साथीदार ऑगस्ट 1972 मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले, थेट अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलपर्यंत पोचले आणि तिथे पकडले गेले. पण बहुतेकांच्या वाट्याला आलं ते नुसतं वाट बघणं. काका जेवढं सांगतील तेवढंच ऐका.

आणि काकूंना खुर्ची द्या, पहिल्या रांगेत नव्हे, व्यासपीठावर. नवरा बेपत्ता असल्याची तार आल्यावर घर, म्हातारे सासू-सासरे आणि पोरं मामीनेच सांभाळली. मामांच्या सत्काराला तिला पुष्पगुच्छ धरायला उभं केलं होतं, याचा मला अजून राग येतो.

भाषणात "आपले सगळे जवान सुखरूप परतले" असं वाक्य कुणी टाकलं तर काढा. पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचं मानलेल्या 54 बेपत्ता सैनिकांची यादी भारत सरकार वर्षानुवर्षे मांडत आलंय. काकांच्या पलटणीतलं एखादं नाव त्यात असूही शकेल.

शाल-श्रीफळ पुरे. फटाके नकोत, नगरसेवकांचं भाषण टाळता आलं तर उत्तमच. हुद्दा आणि रेजिमेंट त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या, बॅनरवर ते हमखास चुकतं. पेन्शनचं काही अडलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जा. पण ती चौकशी घरी बसून करा, स्टेजवर नको.