बिनाका गीतमाला या रेडिओवरच्या, हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी लावणाऱ्या कार्यक्रमात दरवर्षी पहिली आलेली गाणी खरंच त्या काळातली सर्वोत्तम गाणी होती का? जुनी गाणी ऐकायला तिथून सुरुवात करावी का?

हा उद्योग मी स्वतः करून बसलोय, म्हणून सांगतो. यादी जरूर काढा, पण नुसत्या पहिल्या क्रमांकांची नको.

१९५७ साल घ्या. 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया', 'तुमसा नहीं देखा' हे सगळे त्याच वर्षीचे. सचिनदेव बर्मन, नौशाद, ओ. पी. नय्यर, सगळे ऐन भरात. आणि वार्षिक गीतमालेत पहिलं कोण? 'जनम जनम के फेरे'मधलं 'जरा सामने तो आओ छलिये'. संगीत एस. एन. त्रिपाठींचं, आवाज लता-रफीचे. गाणं गोडच आहे, वाद नाही. पण १९५७ म्हटल्यावर आज किती जणांच्या तोंडी हे नाव आधी येईल? मला तरी ते यादीतच पहिल्यांदा भेटलं.

याचं कारण क्रमवारी कशी लागायची त्यात आहे. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावलं, आणि त्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींनी ही मालिका सुरू केली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठला लागायची. आधी ती श्रोत्यांसाठी स्पर्धाच होती, क्रमवारी नंतर आली. त्यासाठी दुकानांतला रेकॉर्डचा खप धरायचे. त्यात एक गंमत व्हायची. एखाद्या गाण्यावर उड्या पडल्या आणि दुकानातल्या रेकॉर्डच संपल्या की खप शून्य! म्हणजे सगळ्यांत जास्त मागणी असलेलं गाणंच घसरायचं. म्हणून जोडीला श्रोता संघांची मतं आली. आता रेकॉर्ड विकत घेणारे किती, आणि दर आठवड्याला नेमाने पत्र टाकणारे कोण, याचा विचार करा. पानाच्या टपरीसमोर उभं राहून फुकट ऐकणारा या मोजणीत कुठेच नव्हता.

दुसरं, वर्षाच्या हिशोबाचं. 'रोटी कपडा और मकान' आला १९७४ मध्ये, पण 'महंगाई मार गई' पहिलं ठरलं १९७५ च्या यादीत. वर्ष सरताना आलेल्या चित्रपटाची गाणी पुढच्या साली पिकायची. त्यामुळे यादीतलं साल आणि चित्रपटाचं साल जुळलं नाही तर गोंधळू नका. (हे गाणं मात्र आवर्जून ऐका. पहिल्या क्रमांकावर महागाई, यावरून ते वर्ष कसं गेलं असेल ते कळतं.)

अर्थात यादी दरवेळी चुकते असंही नाही. १९६० मध्ये समोर 'मुग़ल-ए-आज़म' असताना 'बरसात की रात'मधलं 'ज़िंदगी भर नहीं भूलेगी' पहिलं आलं. तिथे मी मुकाट्याने श्रोत्यांच्या बाजूने आहे.

आता माझं. मी ऐकायला लागलो सत्तरच्या दशकाच्या शेवटी. शॉर्टवेव्हचं स्टेशन एका जागी राहायचं नाही. गाणं चालू असतानाच सरकायला लागायचं, मग काटा केसभर इकडे, केसभर तिकडे. वर्षाच्या शेवटच्या कार्यक्रमाला ताई वहीच्या मागच्या पानावर क्रमांक आधीच लिहून ठेवायची आणि मी रेडिओला कान लावून गाणं ओळखायचं. एका वर्षी मधलीच दोन गाणी खरखरीत गेली. पहिल्या क्रमांकाच्या गाण्याआधीचा बिगुल वाजला तेव्हा सगळे पुढे सरकले, आम्ही दोघं त्या रिकाम्या ओळींवरून भांडत होतो. १९८१ ला 'मेरे अंगने में' पहिलं आल्यावर आई फक्त एवढंच म्हणाली, "आता हे वर्षभर ऐकायचंय का अजून?"

बऱ्याच वर्षांनी मी पूर्ण याद्या मिळवल्या आणि रोज रात्री एक वर्ष असं ऐकत गेलो. पहिली दहा बहुतेक पाठच होती. मजा आली ती विसाव्या-पंचविसाव्या पायरीच्या आसपास. तिथे ज्या गाण्याची चाल डोक्यात आहे पण नाव नाही, असं काहीतरी हमखास सापडतं. शिवाय तिथे संगीतकारही जास्त. वर तीच तीच नावं दिसतात.

तेव्हा तुम्ही दशक धरू नका, एक वर्ष धरा. त्या वर्षीची पूर्ण यादी घ्या आणि खालून वर या, अमीन सयानी न्यायचे तसं. पहिल्या क्रमांकापर्यंत पोचेपर्यंत त्याच्याशी भांडायला काय काय होतं ते तुम्हाला माहीत झालेलं असेल. सुरुवात १९५७ पासूनच करा.