लेकीला स्वीडिश कॉटेजला नेताना

अगं, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातलं हे कळसूत्री बाहुल्यांचं थिएटर अगदी लहान आहे. खेळ चालू आहेत ना ते बघ आणि तिकीट आधीच काढ. ७९व्या रस्त्याजवळ, पार्कच्या पश्चिम बाजूला ते लाकडी घर आहे. स्वीडनने १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनासाठी शाळेचा नमुना म्हणून पाठवलेलं, केवढं देखणं!

खेळ चालू असताना "त्या दोऱ्या बघ" असं तिच्या कानात सांगू नकोस. तिला आपणहून दिसू देत. तू मात्र पावलांकडे लक्ष दे. हात कसलेला असेल तर बाहुली तरंगत नाही, टाच टेकवून चालते. आणि गावी आलात की कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलावंतांच्या बाहुल्या नक्की दाखव.