वस्तूकरण: ऊ दीर्घच का?

प्रश्न असा होता की एका मॉडेलनं मुलाखतीत जाहिरातीतल्या ऑब्जेक्टिफिकेशनबद्दल, म्हणजे माणसाला वस्तूसारखं वागवण्याबद्दल, जे सांगितलं ते मराठीत कसं लिहायचं आणि नुसतं 'शोषण' म्हटलं तर चालेल का. आधी एक सांगतो, 'मॉडेलला वस्तुनिष्ठ केलं जातं' असं लिहिणं कृपा करून थांबवा, सारखं वाचायला मिळतं आणि फार चीड येते. वस्तुनिष्ठ म्हणजे स्वतःचे रागलोभ बाजूला ठेवून पाहणारा. तिची तक्रार नेमकी उलटी आहे.

शब्द आहे वस्तूकरण. काही शुद्धलेखनवाले वस्तुस्थिती, वस्तुसंग्रहालय असे दाखले देऊन 'वस्तुकरण' करायला लावतात, ते साफ चूक आहे, साध्या समासाचा नियम त्यांनी नको तिथे लावलाय. इथे संस्कृतातला च्वि प्रत्यय आहे, तो स्वतः दिसत नाही पण आधीचा स्वर दीर्घ करतो. लघुचं लघूकरण, मृदुचं मृदूकरण, तसंच हे, पाणिनीचं सूत्रच आहे 'च्वौ च'. पण खरी गंमत पुढे आहे. हा प्रत्यय कधी लावायचा, तर 'अभूततद्भाव' असेल तेव्हा, म्हणजे जे मुळात तसं नव्हतं ते तसं होतं किंवा केलं जातं तेव्हा. आधीच शुद्ध असलेल्याचं शुद्धीकरण होत नाही! म्हणजे वस्तूकरण म्हटलं की ती मुळात वस्तू नव्हती हे व्याकरणच आपल्याकडून कबूल करून घेतं. किती नेमका शब्द आहे हा.

आणि च्विपुढे पाणिनी कृ, भू आणि अस् हे धातू देतो. कृ आला की करणारा कुणीतरी असतो, भू आला की ते आपलं आपण झालेलं असतं. माझं ठाम मत आहे की 'ती स्वतःहून आली, पैसे घेतले, मग तक्रार कसली' हा युक्तिवाद म्हणजे करणाचं (कुणीतरी करण्याचं) गुपचूप भवन (आपोआप होणं) करणं आहे. चेहरा कापून फक्त पाय किंवा कंबर दाखवायची हे फ्रेम लावणारा ठरवतो, रिटचिंगमध्ये कंबर किती बारीक करायची हे क्लायंट ठरवतो, मॉडेलला बहुतेक वेळा विचारतही नाहीत. म्हणून 'वस्तूकरण झालं' असं लिहून सोडू नका, कुणी केलं ते लिहा.

मॅनिकिन शब्द बघा. डच भाषेत 'छोटा माणूस', मग चित्रकारांची लाकडी बाहुली, मग 19व्या शतकात पॅरिसच्या कपडेवाल्यांकडे कपडे घालून दाखवणाऱ्या जिवंत बायकांना तेच नाव, आणि आता दुकानातला पुतळा. फ्रान्सच्या कामगार कायद्यात मॉडेलला अजून हाच शब्द आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नसबॉमनं 1995च्या निबंधात वस्तूकरणाची सात लक्षणं दिलीत, त्यातलं एक म्हणजे एकीच्या जागी दुसरी सहज चालणं. कास्टिंगला उंची-छाती-कंबर-नितंब एवढ्या मापांवर निवड होते तेव्हा दुसरं काय होत असतं?

राहिलं शोषण. ते शुष् धातूवरून, सुकवणं, ओलावा ओढून घेणं. एजन्सीनं राहण्याचे, टेस्ट शूटचे पैसे मॉडेलच्याच नावावर उधार मांडायचे आणि मग मानधनातून कापायचे, किंवा एका कॅम्पेनचे पैसे देऊन तोच फोटो वर्षानुवर्षं वापरायचा, हे शोषण. अंगभर कपड्यातल्या मॉडेलचंही ते होतं, आणि पूर्ण मानधन मिळालेल्या मॉडेलचंही वस्तूकरण होऊ शकतं. त्या मुलाखतीत ती दोन्हींबद्दल बोलली असेल तर दोन्ही शब्द लिहा.