भावाची फी भरायची आहे, मग तिचं काय?

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी बारावी सायन्सला 68 टक्क्यांनी पास झाली, तिने सीईटी दिली आहे आणि तिला बायॉलॉजी आवडतं, असं तुम्ही लिहिलंय. मोठा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोघांचा खर्च झेपणार नाही, तिने गावातल्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालावं आणि वर्ष-दोन वर्षांत स्थळ बघावं, असं तिच्या बाबांचं मत. 'शिकून तरी काय, गावातले पदवीधर रिकामेच फिरतायत,' असंही ते म्हणतात.

आधी पैशाचं बोलू, कारण गाडं तिथेच अडलंय. तुम्ही ओबीसी आहात आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे. अशा घरातल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केलंय. अट एवढीच, की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ही माफी मिळत नाही. बी.फार्मसारखा (औषधनिर्माणाची पदवी) चार वर्षांचा अभ्यासक्रम यात बसतो. मुलाला निम्मी फी भरावी लागते, मुलीची ती पूर्ण माफ होईल. राहता राहिला वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च. त्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत ती बसते का, हे समाजकल्याण किंवा बहुजन कल्याण विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

आता रिकाम्या पदवीधरांचं. तिच्या बाबांचं निरीक्षण खोटं नाही. आपल्याकडे कमी शिकलेल्यांपेक्षा पदवीधर तरुणांत बेरोजगारीचं प्रमाण जास्त दिसतं. पण त्यातले कित्येक जण नुसतं नाव घालून, परीक्षेपुरतं वाचून पदवी घेतलेले असतात, आणि मग वर्षानुवर्षं सरकारी भरतीची वाट बघत बसतात. वर्गात बसलं म्हणजे शिक्षण झालं, असं होत नाही. ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी असर 2023 अहवालात आहे. त्यात सुमारे चौथा हिस्सा मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही नीट वाचता आला नाही. म्हणूनच मला त्या बी.ए.ची काळजी वाटते. तिला नको असलेला विषय, जेमतेम हजेरी आणि मध्येच लग्न, यातून तिच्या हाती फार काही लागणार नाही.

खरोखर शिकलेल्या वर्षांचं मोल मात्र मोठं असतं. सायकारोपौलोस आणि पॅट्रिनोस या अर्थतज्ज्ञांनी 139 देशांची आकडेवारी 2018 मध्ये एकत्र मांडली. शिक्षणाच्या एकेका वाढत्या वर्षामागे कमाई सरासरी 9 टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि मुलींच्या बाबतीत हा फायदा मुलांपेक्षा जास्त, असं त्यांना आढळलं. ही सरासरी आहे, प्रत्येकीला तेवढंच मिळेल असं नाही. पण 'मुलीवर केलेला खर्च वाया जातो' हे म्हणणं त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

आणि ताई, पगारापेक्षाही मला तिच्या तब्येतीचं जास्त वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशभरातलं चित्र असं होतं: शाळेत न गेलेल्या आयांची 46 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, तर बारा किंवा अधिक वर्षं शिकलेल्या आयांची 26 टक्के. यातला काही भाग घरच्या परिस्थितीचा आहे, सगळं श्रेय शिक्षणाला देता येणार नाही. तरीही शिकलेली मुलगी उशिरा लग्न करते, म्हणून पहिलं बाळंतपण कोवळ्या वयात येत नाही. औषधाच्या पाकिटावरचं वाचते, डॉक्टरला उलट प्रश्न विचारते. हातात स्वतःचे पैसे असले की दुखणं अंगावर काढत नाही. तुमच्या लेकीच्या आयुष्यात हे सगळं पुढची पन्नास वर्षं रोज उपयोगी पडणार आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बी.ए.ला घाई करू नका. कॅपचा अर्ज भरा, पर्याय देताना एसटीने जाता येईल अशी कॉलेजं वर ठेवा. मार्कांमुळे बी.फार्मला जमलं नाही, तर दोन वर्षांचं डी.फार्म आहे, ते करून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नर्सिंगकडे कल असेल तर त्याची सीईटी वेगळी असते, ती दिली आहे का, हे तिला विचारा.

नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला निघायला वेळ लागतो, तेव्हा या आठवड्यातच सेतू केंद्रात जा. जाताना तिच्या बाबांना सोबत न्या, आणि फीमाफीची अट त्यांना स्वतःच वाचू द्या.